विज्ञानाचा उत्सव लोधिवलीत कधी?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत एक आगळा मेळा भरला होता. खगोलशास्त्र व खगोलभौतिकी या विषयांचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड ११ ते २१ ऑगस्ट या काळात येथे झाले आणि त्यासाठी ६४ देशांतून सुमारे तीनशे शालेय विद्यार्थी आले. यजमान भारताच्या पाच जणांच्या संघाने चार सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवले. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने या सोहळ्याचे यजमानपद सांभाळले. या केंद्राला आणि या महानगराला अशा सोहळ्यांची सवय आहे. १९९६ साली गणिताचे, २००१ साली रसायनशास्त्राचे, २००८ साली जीवशास्त्राचे आणि २०१५ साली भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच भरले होते. एके काळी गारुड्यांचा आणि साधूंचा देश म्हणून ज्या भारताची पाश्चात्त्यांकडून हेटाळणी झाली, त्या भारताच्या दारी जगातील बुद्धिमान मुले तारे मोजण्यासाठी येतात, याचा अभिमान कोणाही राष्ट्रप्रेमी नागरिकास वाटावा.

तसाच अभिमान भारत आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सवाबद्दलही वाटतो. स्वदेशी विज्ञानाची चळवळ १९८२ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. आय. वासू यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ऑक्टोबर १९९१ मध्ये नागपुरात तिने 'विज्ञान भारती' हे अखिल भारतीय रूप घेतले आणि पुढे केंद्र शासनाच्या विज्ञान मंत्रालयांच्या सहकार्याने २०१५ पासून हा महोत्सव भरू लागला. दिल्ली, चेन्नई, लखनौ, कोलकाता अशी वाटचाल करीत डिसेंबर २०२१ मध्ये तो गोव्यात पणजीला आला. प्रयोगशाळेच्या चार भिंतींतले विज्ञान मैदानात आणून सामान्य माणसासमोर ठेवणे, ही त्यामागची दृष्टी. ती योग्यच आहे आणि तिच्यावर 'सरकारी जत्रा' अशी शेरेबाजी करणाऱ्यांनी स्वतः किती गावांत विज्ञान नेले, हे एकदा सांगावे.

तथापि जत्रा संपल्यावर गावात काय उरते, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला नाही तरी कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारायलाच हवा. तो विचारण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मानखुर्दहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने निघाले आणि पनवेल मागे टाकले, की खालापूर तालुक्यात लोधिवली लागते. द्रुतगती मार्गावरील अपघातग्रस्तांना जेथे नेले जात असे ते रुग्णालय येथले, म्हणून बहुतेकांना हे नाव ठाऊक. त्यापलीकडे लोधिवलीची कोणी दखल घेतलेली नाही. वास्तविक आधुनिक विज्ञान-तंत्रज्ञानाचा शंभर वर्षांचा इतिहास ज्या परिसरात उघड्यावर मांडून ठेवला आहे, असा दुसरा परिसर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पाताळगंगेपासूनच प्रारंभ करावा. कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यानंतर आटू लागतात. पाताळगंगा मात्र भर वैशाखातही वाहते. याचे कारण निसर्गात नाही, जमशेटजी टाटांच्या स्वप्नात आहे. लोणावळ्याच्या माथ्यावर धरणे बांधून पावसाचे पाणी अडवायचे, ते नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीत सोडायचे आणि त्या वेगावर जनित्रे फिरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायची, अशी ती योजना होती. जमशेटजी ती पाहण्यास उरले नाहीत. १९११ साली कामास प्रारंभ झाला आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजकेंद्र उभे राहिले. खोपोलीत जनित्र फिरवून झालेले पाणी पाताळगंगेच्या पात्रात उतरते. म्हणून नदीला बारमाही पाणी, पाणी म्हणून कारखाने, आणि कारखाने म्हणून लोधिवली-मोहोपाड्याचे आजचे रूप. १९८२ साली पाताळगंगेच्या काठी कृत्रिम धाग्याचा जो प्रचंड कारखाना आला, तोही याच पाण्याच्या भरवशावर. आपल्या गावच्या नदीला उन्हाळ्यात पाणी का असते, या एका प्रश्नात सातवी-आठवीचे निम्मे विज्ञान आणि बराचसा भूगोल सामावलेला आहे. तो प्रश्न वर्गात विचारला जातो काय?

याच रायगड जिल्ह्यात अलिबागला १९०४ पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. ती अलिबागला का आली, याचीही एक मौज आहे. मुळात ती मुंबईत कुलाब्यास होती. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले, आणि त्या विजेमुळे चुंबकसूची विचलित होईल म्हणून शास्त्रज्ञांनी आधीच खाडीपलीकडचे शांत गाव शोधले. कुलाब्याच्या याच नोंदवहीत सप्टेंबर १८५९ मधील भीषण सौर वादळाची नोंद आहे आणि जगभरचे अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. ही परंपरा चालविणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज पनवेलला आहे, लोधिवलीच्या जवळपास शेजारी.

आणि आता रसायनी. १९६० साली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कारखान्याभोवती वसलेल्या गावाला रसायनी हेच नाव पडले. कंपनी पुढे तोट्यात गेली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतील तिची न परवडणारी सारी उत्पादने बंद करण्याचा निर्णय घेतला, परंतु एक प्रकल्प तेवढा वगळून तो इस्रोकडे सोपविण्याचे ठरवले. तो प्रकल्प नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. अग्निबाणाच्या द्रवरूप इंधनास लागणारे हे द्रव्य देशात बनवणारा हा एकमेव प्रकल्प आहे, असे शासनानेच तेव्हा नमूद केले होते.

या द्रव्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. चूल पेटते ती हवेतील प्राणवायूमुळे. अवकाशात हवा नाही, म्हणून अग्निबाणाला इंधनाबरोबर आपला प्राणवायूही शिदोरीसारखा बांधून न्यावा लागतो. नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही ती शिदोरी. इंधनाची आणि त्याची गाठ पडताच ज्वाला उठते, ठिणगीही लागत नाही. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा याच तत्त्वावर चालतो. चंद्रयान-३ ला उचलणाऱ्या एलव्हीएम-३ अग्निबाणाच्या मधल्या टप्प्यातील दोन 'विकास' इंजिनेही याच द्रव्यावर चालली. १४ जुलै २०२३ च्या दुपारी श्रीहरिकोट्याहून ते यान झेपावले तेव्हा साऱ्या देशाचे डोळे आकाशाकडे लागले होते. त्या उड्डाणाशी आपल्या शिवेवरच्या कारखान्याचे नाते आहे, ही गोष्ट लोधिवलीच्या किती विद्यार्थ्यांना त्या दिवशी कोणी सांगितली असेल?

त्यानंतर अवघ्या पाचव्या दिवशी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, लोधिवलीच्या पुढे चौकजवळ इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सुमारे सव्वादोनशे वस्तीची ठाकर बांधवांची ती वाडी. वर जायला रस्ता नाही, मुसळधार पाऊस, मध्यरात्र. यंत्रे चढू शकली नाहीत. बचाव पथकातील जवान आणि स्वयंसेवी कार्यकर्ते चिखलातून पायी वर गेले आणि हातांनी माती उपसत राहिले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ते बेपत्ताच राहिले.

महिनाभराने, २३ ऑगस्टला, चंद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. तो दिवस आज राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होतो. चांद्रमोहिमेवर खर्च कशाला, आधी गरिबांचे पाहा, असा जो रडका सूर अशा वेळी काही वर्तुळांतून निघतो, तो येथे काढायचा नाही. उलट उपग्रहांमुळेच चक्रीवादळांची सूचना मिळून लाखो प्राण वाचले आहेत. येथे प्रश्न वेगळा आहे. ज्या मुलुखातले रसायन अग्निबाणाला बळ देते, त्या मुलुखातल्या डोंगरावरील माणसापर्यंत विज्ञानाची साधी अक्षरओळखही न पोहोचावी, हे कसे?

इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे शासनाने त्यानंतर विधिमंडळात सांगितले. याद्या दूरच्या कार्यालयात बनतात, डोंगर मात्र जागेवर सरकतो. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, घराचे दार अचानक अडकू लागणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा बंदच पडणे, ही दरडीची पूर्वचिन्हे जगभर अभ्यासली गेली आहेत. ती प्रथम दिसणार तेथे राहणाऱ्यालाच. कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०२४ साली राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू केले, ही स्वागतार्ह गोष्ट. पण अशा केंद्राची सूचना उद्या रायगडात आली, तरी ती वाचून अर्थ लावणारा कोणीतरी वाडीवर असावा लागेल.

पावसाचेच घ्या. त्या जुलैत इर्शाळवाडीच्या परिसरात तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. बातमीतील या आकड्याने कोणाच्या पोटात गोळा येत नाही. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, एवढे एक सूत्र मुलाला कळले, की तो हिशेब मांडू लागतो. एका गुंठ्यावर पन्नास हजार लिटर. म्हणजे घराभोवतालच्या एका गुंठ्यात दहा हजार लिटरचे पाच टँकर रिकामे झाले, आणि डोंगराच्या प्रत्येक गुंठ्यात तसेच. सह्याद्रीच्या कातळावरचा मातीचा थर हे पाणी पितो, फुगतो, जड होतो. कातळ आणि माती यांच्या सांध्यात पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते. हे समजायला पदवी लागत नाही. सरळ कडांचा डबा, एक मोजपट्टी आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद घेणारा एक शिस्तीचा मुलगा किंवा मुलगी, एवढ्यावर वाडीचा पर्जन्यमापक उभा राहतो.

केवळ जाणण्याने दरड थांबत नाही, हे खरे. सुरक्षित जागा, पक्की घरे, रस्ता ही शासनाची जबाबदारी आहे आणि तिच्यातून त्याची सुटका नाही. तरीही शिक्षणाने माणसे वाचतात, याचा ढळढळीत पुरावा जपानने दिला आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत कामाईशी शहरात हजाराहून अधिक लोक गेले, परंतु तेथील शाळांतली जवळपास तीन हजार मुले बचावली. गुन्मा विद्यापीठातील प्रा. तोशिताका काताडा यांनी आधीची काही वर्षे तेथील शाळांत एक शिस्त रुजवली होती. नकाशावर विसंबून राहू नका, प्रत्यक्ष परिस्थितीत शक्य ते सारे करा, आणि इतरांची वाट न पाहता स्वतः प्रथम पळा. भूकंप होताच माध्यमिक शाळेची मुले धावत सुटली. ती पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले धावली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. धोक्याच्या नकाशात त्या शाळा सुरक्षित दाखवल्या होत्या आणि तरीही पाणी शाळांत शिरले, हे विशेष. यादीत नाव नसलेल्या इर्शाळवाडीशी या गोष्टीचे साम्य कोणाच्याही ध्यानी येईल. जपानने ते धडे जपानी भाषेत दिले, हेही ध्यानी यावे.

भाषेचा मुद्दा येथे टाळता येत नाही. महाराष्ट्रात 'सेमी-इंग्रजी' नावाचा जो प्रकार बोकाळला आहे, त्यात इतिहास मराठीत आणि गणित-विज्ञान इंग्रजीत शिकवले जाते. पालकांची भाबडी समजूत अशी, की मुलगा त्यामुळे पुढे जाईल. घडते ते असे, की विज्ञान हा विषय घराच्या बोलण्यातून हद्दपार होतो. मुलगी शाळेत 'डेन्सिटी' पाठ करते आणि तिच्या आजीला घनता ठाऊक असूनही (विहिरीत घागर कशी बुडते हे आजीइतके कोणाला कळते?) दोघींचे त्यावर एक अक्षर बोलणे होत नाही. होमी भाभा केंद्राच्या पहिल्याच कामांपैकी एक जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात, ग्रामीण मराठी शाळांमध्ये झाले होते. केंद्राचे धुरीण प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे असे आढळले, की पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली तर त्याच मुलांचे विज्ञानाचे आकलन लक्षणीय सुधारते. अडथळा बुद्धीचा नव्हता, वाक्याचा होता. म्हणजे 'मराठीत' एवढेही पुरत नाही. संस्कृतप्रचुर पारिभाषिक शब्दांच्या भिंती मराठीतही उभ्या करता येतात आणि आपल्याकडील विद्वानांनी त्या उत्साहाने उभ्या केल्या आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम चिकाटीने करीत आली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह २०२० साली धरला. धोरण दिल्लीत झाले, त्याचे पालन चौकच्या आश्रमशाळेपर्यंत कोण नेणार?

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९३० च्या दशकात 'किर्लोस्कर' मासिकातून विज्ञाननिष्ठेवर जे निबंध लिहिले, त्यांनी तेव्हाच्या सनातन्यांची झोप उडवली होती. हिंदू समाजाने अद्ययावत व्हावे, प्रत्येक रूढी बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावी, हा त्यांचा आग्रह होता. आज त्यांच्या प्रतिमेला हार घालणारे अनेक, त्या निबंधांची पाने उलटणारे थोडे. प्राचीन भारताचे विज्ञान सांगताना सुश्रुताची शल्यक्रिया, ब्रह्मगुप्ताचे शून्याचे नियम, भास्कराचार्यांचे गणित एवढे भक्कम वैभव हाताशी आहे. असे असता 'वैमानिक शास्त्रा'तील विमानांचे दाखले देण्याचा मोह कशासाठी? त्या ग्रंथातील विमाने उडू शकत नाहीत, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच तपासून दाखवले आहे. खऱ्या सोन्यात पितळ मिसळले, की सराफ सगळ्याच दागिन्याकडे संशयाने पाहतो.

विज्ञान भारतीचे राष्ट्रीय संघटन मंत्री राहिलेले आणि २०२३ साली दिवंगत झालेले जयंतराव सहस्रबुद्धे हे जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय प्रभृतींच्या विज्ञानसाधनेचे स्वातंत्र्यलढ्याशी असलेले नाते तळमळीने मांडत असत. त्या नात्याचा एक पदर कार्यकर्त्यांच्या विशेष उपयोगाचा आहे. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये महापूर आला तेव्हा आचार्य राय यांनी प्रयोगशाळा सोडून मदतकार्य उभारले. त्या कामात त्यांचे विद्यार्थी मेघनाद साहा होते. साहांनी धान्य आणि कपडे वाटले, आणि तेथेच न थांबता हा पूर का आला, याचा शोध घेऊन त्यावर लेखन केले. रेल्वेच्या भरावांनी पाण्याच्या वाटा अडवल्या, नद्यांचा अभ्यास झालाच नाही, असे त्यांनी दाखवून दिले. दामोदर खोऱ्याच्या योजनेमागे पुढे त्यांचे हेच चिंतन होते.

मोरवी १९७९, लातूर १९९३, कच्छ २००१ या प्रत्येक आपत्तीत स्वयंसेवक सर्वांत आधी धावले, हे विरोधकांनीही मान्य केले आहे. राय यांचा कित्ता असा गिरवला गेला. साहांचा मात्र अजून गिरवायचा आहे. आपत्तीनंतरची सेवा हाडीमांसी खिळलेल्या संघटनेला आपत्तीपूर्वीची सेवा अवघड का वाटावी? त्यात टाळ्या नाहीत, छायाचित्र नाही, आणि काम यशस्वी झाले तर काहीच घडत नाही, एवढीच अडचण. शिवाय आपल्याकडील विज्ञानाचे कार्यक्रम उत्सवाच्या साच्यात बसलेले आहेत. २८ फेब्रुवारीला रामन यांच्या प्रतिमेचे पूजन, पाहुण्यांचे भाषण, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, बक्षिसे आणि चहा. सहावी ते अकरावीच्या मुलांसाठीच्या विद्यार्थी विज्ञान मंथनासारख्या परीक्षेत शहरी शाळा उत्साहाने उतरतात. वाडीवरचे मूल तेथवर पोहोचायला आधी त्याच्या हातात काही यायला हवे.

कर्जत-खालापूरमध्ये मनुष्यबळाची वाण नाही. रसायनी, पाताळगंगा, खोपोलीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ, यंत्रज्ञ, वीजतज्ज्ञ पनवेलपासून कर्जतपर्यंत शेकड्यांनी राहतात. त्यांपैकी पुष्कळ जण या पृष्ठांचे वाचक आहेत. ज्याने पस्तीस वर्षे बाष्पकाचा दाब पाहिला, त्याला मातीतल्या पाण्याचा दाब समजावून सांगणे जड नाही. एकल विद्यालयाचे आचार्य आणि आश्रमशाळांचे शिक्षक आहेत. आठवड्यातून एक दुपार, एक वाडी, पाच मुले एवढेच प्रमाण ठरवले, तरी दहा निवृत्तांत दहा वाड्या होतात. खोपोलीचे नळ दाखवावेत, पाताळगंगेच्या उन्हाळी पाण्याचे कोडे घालावे, अग्निबाणाची शिदोरी सांगावी. आणि ठाकर, कातकरी वृद्धांना डोंगराविषयी जे ठाऊक आहे ते आधी ऐकून वहीत उतरवावे, कारण शिकवायला गेलेल्याला तेथे पुष्कळ शिकायचेही आहे.

पर्जन्यमापकाचा डबा मोकळ्या जागी, झाडाच्या आणि छपराच्या आडोशापासून दूर, घट्ट रोवावा लागतो. नोंदवहीला प्लास्टिकचे वेष्टन हवे. धोक्याच्या वेळी कोणाला दूरध्वनी करायचा, त्यांची नावे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवीत, आणि रात्री निघायची वेळ आली तर कोणत्या वाटेने कोठे जमायचे, हे मुलांनी दिवसा दोनदा तरी चालून पाहिलेले हवे. खालापुरात मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उतरतो. त्यापूर्वीचे मे महिन्यातले चार रविवार या कामाला पुरतात.